समोरून येणारं विमान

सोलापूर
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय ऋतू,

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटातला फोटो अव्वानं देवाच्या फळीवर ठेवलाय. मी म्हटलं, अगं, ती नोकरीला लागलीय, देव झालेली नाही. तर म्हणाली, "तुला काय जड होतंय? राहू दे की."

फोन नको, पत्रंच लिहू, असं तू ठरवलंस ते बरं केलंस. फोनवर आपण दोघीही 'सगळं मस्त' म्हणून मोकळ्या होतो. कागदावर खोटं लिहायला मला वेळ लागतो आणि तेवढ्यात मी ते खोडून टाकते. एकच अडचण आहे. अव्वाला वाचता येत नाही, आईबाप दोघंही शाळेत गेलेले नाहीत, आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे तुझं प्रत्येक पत्र मला तिला कानडीत करून सांगावं लागतं, आणि तुझं असलं की ती ते दोनदा सांगायला लावते.

कामाचं वाचून आनंद झाला. समुद्रावर लांब गेलेल्या विमानाशी किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांचा संपर्क राहत नाही. मग एका विमानानं निरोप दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि शेवटच्यानं तो किनाऱ्यावर पोचवायचा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आपण हे कागदावर केलं होतं. तू आता ते खऱ्या विमानांसाठी करणार. खरंच आनंद झाला. हे वाक्य मी खोडलेलं नाही, बघ.

तुमच्या कंपनीच्या मुलाखतीचा दिवस मला अजून आठवतो. महेश्वर सरांनी आधी मला आत बोलावलं, माझ्याशी चक्क कानडीत बोलले आणि शेवटी विचारलं, असं जाळं आकाशात खरंच उभं राहील का? मी म्हटलं, "खात्रीने सांगता येत नाही, सर." मग तू गेलीस. दार अर्धवट उघडं होतं. तुला तेच विचारलं आणि तू म्हणालीस, "जमेल की, सर." आतले सगळे हसले. ते हसू ऐकलं तेव्हाच मला निकाल कळला. मी आता कॉलेजात कंत्राटावर दुसऱ्या वर्षाला शिकवते. होटगी रस्त्याच्या विमानतळावरून विमानं उठायला लागली आहेत, ती वर्गाच्या खिडकीतून दिसतात. मुली वर बघतात, मीही बघते, मग 'पुढचं लिहून घ्या' म्हणते.

दसऱ्यानंतर अप्पांचा काठीचा सराव सुरू होईल. आमच्या गच्चीवरून तू पहिल्यांदा सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या काठ्या, ते नंदीध्वज, पाहिलेस तेव्हा मला विचारलं होतंस, एवढा उंच खांब एक माणूस पेलून चालतो, मग तो दमला की काय करतो? मी सांगितलं, दुसरा घेतो, पण दुसऱ्यानं नीट धरल्याशिवाय पहिला सोडत नाही. त्यातूनच आपला प्रकल्प निघाला. 'काठीचा नियम' हे नाव मीच दिलं होतं ना? असंच आठवलं म्हणून लिहिलं.

तुझं टेबल खिडकीजवळ आहे का? फोटोत मागे उजेड दिसतो, पण तो दिव्याचाही असेल. उत्तर सवडीनं दे.

तुझी,
भुवनेश्वरी


बंगळूर
९ ऑक्टोबर

भुवी,

व्हय, टेबल खिडकीजवळच आहे. एवढं विचारायला तुला चार पानं लागली. खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि टाक्यांवर माकडं. विमान एकही दिसत नाही. ते फक्त आमच्या पडद्यावर, मुंगीएवढं.

'काठीचा नियम' नाव तूच दिलंस बाई. इथं पण त्याला सगळे तेच म्हणतात, म्हणजे म्हणायचा प्रयत्न करतात. महेश्वर सर सोडले तर कुणाच्या तोंडात बसत नाही. सर मूळचे अक्कलकोटकडचे, त्यांना यात्रा माहीत आहे, त्यामुळं माझी लई चैन आहे. मागं एकदा चार लोकांसमोर काठीचं थोडंसं सांगावं लागलं, ते त्यांना फार आवडलं.

आता खरं काम. डिसेंबरात आमची चाचणी आहे. एका विमान कंपनीची माणसं त्यांच्या अख्ख्या दिवसाच्या उड्डाणांची नोंद घेऊन येणार. अरबी समुद्रावरची ती सगळी विमानं संगणकात उडवायची आणि जाळं टिकतं का ते त्यांच्यासमोर बघायचं. टिकलं तर आमचा गट राहील आणि मी नोकरीत पक्की होईन. नाही टिकलं तर गट मोडणार, आणि मी कुर्डुवाडीला उतरून माढ्याची एसटी धरणार. आमचा इंद्रजीतदादा म्हणतो, ये खुशाल, आपल्या शेळ्यांमध्ये पण संपर्क राहत नाही.

आत्तापर्यंत मी आखाताकडून संध्याकाळी इकडं येणारी विमानं घेऊन करून पाहिलंय. झकास चालतं. सोबत आकृती पाठवते. कंपनीचा कागद नाही, माझ्या हातानं काढलीय. प्रत्येक विमानानं आपल्या सगळ्यात जवळचं विमान शोधायचं, त्याच्याशी जोडणी पक्की झाली की मगच जुनी सोडायची. तुझ्या त्या बारीक नजरेनं एकदा बघ ना. मी इथं सगळ्यांना 'जमेल की' सांगून बसलेय, आता शंका विचारायला तोंड राहिलेलं नाही. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

अव्वाला सांग, शेंगाचटणी संपली. कडक भाकरीचं पण बघायला सांग. अप्पांना नमस्कार. फोटो देवाच्या फळीवरून काढू नको हं, मला बरं वाटतंय.

ऋतू


सोलापूर
२४ ऑक्टोबर

ऋतुजा,

दिवाळी नेहमीसारखी झाली. अप्पांचा सराव सुरू झाला आहे. यंदा त्यांची कंबर थोडी धरते, पण ते कबूल करत नाहीत.

सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्गातल्या मुलींनी मला मोबाईलवर एक भाषण दाखवलं. म्हणाल्या, "मॅडम, या आपल्याच कॉलेजच्या ना?" तुझं होतं. चार लोक म्हणालीस, मला तर सभागृह भरलेलं दिसलं. निळी साडी तुला शोभत होती. ती आपण मिळून घेतलेली, नवी पेठेत.

तू बोललीस ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल तर तुला सांगता येईल. "आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या काठी पेलतात. लहानपणापासून मी गच्चीवरून पाहत आलेय. दुसऱ्यानं धरल्याशिवाय पहिला सोडत नाही. आमचं जाळं तिथून जन्मलं." मग टाळ्या वाजल्या. वर्गातली एक मुलगी मला म्हणाली, "किती भारी ना मॅडम, त्यांच्या घरी काठी आहे." मी म्हटलं, हो, भारी आहे.

तुमच्या घरी ऊस आणि शेळ्या आहेत, ऋतुजा. काठी आमच्या घरी पेलतात. यात्रा झाली की अव्वा अप्पांच्या खांद्याला तेल चोळते ते तू पाहिलेलं आहेस, कारण त्या दिवशी तू आमच्याकडे जेवायला होतीस. प्रकल्पात माझं नाव होतं की नव्हतं याबद्दल मी काहीच म्हणत नाही. पण अप्पा तरी माझे राहू द्यायचेस.

हे मी अव्वाला सांगितलेलं नाही. तिनं विचारलं ऋतूचं काय, मी म्हटलं, तिचं सगळं छान चाललंय.

आकृती पाहिली. स्वच्छ काढली आहेस. एक शंका आली होती, पण तुमच्याकडे मोठमोठी माणसं आहेत, त्यांनी पाहिलंच असेल.

चटणी आणि भाकरी अव्वानं पाठवली आहे. माझ्याकडून काही नाही.

भुवनेश्वरी गुरुबसप्पा


बंगळूर
३ नोव्हेंबर

भुवनेश्वरी गुरुबसप्पा यांस,

चटणी मिळाली. डबा उघडल्यावर मला आधी रडू आलं आणि मग तुझं पत्र वाचून राग. आधी पत्र वाचायला हवं होतं, म्हणजे चटणी तरी सुखानं खाल्ली असती.

माझं नाव पुकारलं आणि मी व्यासपीठावर गेले. लिहून नेलेलं सगळं विसरले. 'आमच्या मैत्रिणीच्या घरी' म्हणायचं होतं, 'आमच्या घरी' तोंडातून गेलं, आणि एकदा गेलं की पुढचं त्याच्यामागून आपोआप येत गेलं. खाली उतरल्यावर दुरुस्त करायला पाहिजे होतं, ते नाही केलं. हे माझं चुकलं. आमच्याकडं माढ्याला शेजारच्याच्या म्हशीला पण 'आमची म्हैस' म्हणतात, पण ते कारण मी देत नाही.

पण भुवी, तू तेवढ्यासाठी चिडलेली नाहीस. टेबल खिडकीजवळ आहे का, नाव कुणी दिलं, प्रकल्पात नाव होतं का. तुला हेवा वाटतोय तर सरळ तसं म्हण की. असं गोड पाकिटात घालून कशाला पाठवतेस? मुलाखतीत मी तुझी जागा घेतली नाही. तुला सरळ प्रश्न विचारला, तू म्हणालीस खात्री नाही. तुला कशाचीच खात्री नसते. बसमध्ये चढलीस तरी तू दोघांना विचारतेस ही तीच बस का. म्हणून तुझी ती 'एक शंका' पण मी मनावर घेत नाही. आकृती नीट आहे, महिनाभर चालवून पाहिलीय.

अठरा डिसेंबरला चाचणी आहे. तोपर्यंत मला असली पत्रं नकोत. डोकं जाग्यावर ठेवायला लागतं. झाल्यावर मी स्वतः लिहीन.

अव्वाला एवढंच सांग की चटणी चांगली झाली होती.

ऋतुजा


सोलापूर
१७ नोव्हेंबर

ऋतू,

नको म्हणालीस तरी लिहिते आहे.

तुझं पत्र मी अव्वाला सांगत होते. हेव्याचं आलं तिथं मी ते वगळून एकदम चटणीवर गेले. अव्वा तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मधलं का सोडलंस?" मी म्हटलं, कामाचं होतं, तुला कळलं नसतं. ती म्हणाली, "कामाचं वाचताना तुझे कान लाल होत नाहीत."

मग मी तिला सगळं सांगितलं. तुला पण सांगते. हो, मला हेवा वाटतो. तुझ्या टेबलाचा, खिडकीचा, अगदी त्या माकडांचाही. तू 'जमेल की' म्हणतेस आणि लोक हसतात, त्याचा सगळ्यात जास्त. तुझं भाषण मी त्या दिवसापासून किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. प्रत्येक वेळी तू कुठं तरी अडखळशील म्हणून वाट बघते, आणि तू अडखळत नाहीस.

आता शंका. तुझी आकृती हातात घेतल्याबरोबर मला ती आली होती, आणि मी ती मुद्दाम सांगितली नाही. तुझं पुढं काही तरी बिघडावं असं मला वाटलं. नंतर तू चिडलीस आणि मला वाटलं, आता सांगितलं तर मी सूड म्हणूनच सांगते असं होईल. म्हणून माझं मन आधी निवळू दे, मग लिहू, असं ठरवलं. ते काही निवळत नाही. तेव्हा हे पत्र हेव्यासकट वाच. हेवा खरा आहे आणि शंकाही खरी आहे.

तुझ्या आकृतीतले सगळे बाण उजवीकडे जातात. संध्याकाळी आखाताकडून येणारीच विमानं तू घेतलीस, म्हणून. पण ती माणसं अख्ख्या दिवसाची नोंद आणणार आहेत, आणि दिवसभरात समुद्रावरून विमानं जातातही आणि येतातही. आता तुझा नियम लाव. समोरून एक विमान येतंय. जवळ येता येता ते सगळ्यात जवळचं होईल. तुझं विमान नियमाप्रमाणे त्याच्याशी जोडणी पक्की करेल आणि मागून त्याच दिशेनं येणाऱ्या सोबत्याला सोडून देईल. पण समोरचं विमान थांबत नाही, ते भुर्रकन मागे निघून जातं. मग परत शोध. परत समोरून दुसरं. प्रत्येक विमान असंच करत राहिलं तर निरोप पोचवायला कुणी मोकळं राहणार नाही, सगळी नुसती एकमेकांना धरत आणि सोडत बसतील.

हे तुला दिसलं नाही यात तुझा दोष नाही. तू काठी गच्चीवरून पाहिलीस. वरून असंच दिसतं, जो जवळ होता त्यानं घेतली. मी लहानपणी सरावात अप्पांच्या बाजूनं हातात वेळूचा तुकडा घेऊन चालायची. मुलींना काठी कुणी देत नाही, पण बाजूनं चालायला कोण अडवतं? तिथं काठी शिकवणारे सिद्रामप्पा मास्तर सगळ्यांना एकच दम द्यायचे, समोरून येऊन हात घालायचा नाही. घेणारा आधी वळतो, शेजारी येतो, थोडं अंतर बरोबर चालतो. पाऊल जुळलं की मगच हात लावतो. तो सगळ्यात जवळचा असतोच असं नाही.

म्हणून जवळचं विमान घेऊ नको. त्याच दिशेनं, साधारण त्याच वेगानं जाणारं घे, लांब असलं तरी. समोरून येणाऱ्याला नुसता निरोप दे, जोडणी देऊ नको. करून बघ. माझं चुकत असेल तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

भुवी


पोस्टकार्ड
५ डिसेंबर

ऋतुजा, पत्राला उत्तर नाही. फोन केला तर तू कट केलास. पाकीट फोडलंच नसशील असं वाटतं, म्हणून कार्ड, हे फोडावं लागत नाही. समोरून येणाऱ्याच्या हातात काठी देत नाहीत. जवळचं विमान चुकीचं आहे. त्याच दिशेनं जाणारं घे. जाणारी आणि येणारी, दोन्ही विमानं घालून जाळं एकदा चालवून बघ. अठरा तारखेच्या आधी. भुवनेश्वरी, सोलापूर.


बंगळूर
२१ डिसेंबर

भुवी,

पाकीट मी फोडलं नव्हतं. बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवलं होतं. वाटलं, आत परत तेच असणार, आणि मला तेव्हा तेच सोसलं नसतं.

तुझं कार्ड आलं ते माझ्या खोलीवर नाही, ऑफिसात. आमच्याकडं टपाल आधी सरांच्या टेबलावर जातं. मराठी वाचणारे इथं दोघंच, एक मी आणि एक ते. सोमवारची बैठक सुरू व्हायच्या आधी सरांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, आणि सगळ्यांसमोर आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचून दाखवलं. फोन कट केलास इथपासून. मी हातात चहाचा कप धरून उभी होते.

सर म्हणाले, दोन्हीकडची विमानं घाला. घातली. जाळं इतक्या लवकर विस्कटलं की पडद्यावर बघवेना. तू पत्रात लिहिलंस तसंच, सगळी एकमेकांना धरत आणि सोडत. (पत्र मी त्याच संध्याकाळी फोडलं.)

मग सरांनी विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

मी म्हणू शकले असते कॉलेजातली ओळखीची आहे. पण मी म्हटलं, "माझी मैत्रीण आहे, सर. काठी तिच्या घरी पेलतात. त्या दिवशी मी खोटं बोलले. आमच्या घरी शेळ्या आहेत." सगळे हसले. ह्या वेळचं हसू मला लई लागलं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून नियम बदलला. चाचणी झाली. दोनदा तुटलं, पण जुळलं. गट राहिला. मी पक्की झाले की नाही ते अजून कळायचं आहे, कारण सर आता दुसरंच बोलतात. तुला बोलवायचं म्हणतात. सोबत त्यांची चिठ्ठी आहे, यात्रा झाली की भेटायला ये असं लिहिलंय. मुलाखतीतली ती 'खात्री नाही' म्हणणारी मुलगी त्यांना आठवते. म्हणाले, तेव्हा आपण चुकीच्या उत्तरावर हसलो.

गटात जागा एकच वाढणार आहे की माझीच जागा आहे, हे मी विचारलेलं नाही. धाडस झालं नाही. आता मला सांग, तुझ्या पत्रातला तो हेवा आता मलाही लागलाय, त्याला तू काय करतेस? ताक पिऊन जात नाही.

तूच ये. मी सोडते आणि माढ्याला जाते. हे मी रागानं म्हणत नाही, म्हणजे थोडं रागानंच.

पण एक खरं सांग. माझ्या खोलीचा पत्ता तुझ्याकडं होता. पाकिटं तू तिथंच पाठवायचीस. कार्ड मात्र ऑफिसात पाठवलंस, आणि तेही उघडं. सर आपल्याकडचे आहेत, त्यांना मराठी येतं, हे तुला माहीत होतं. ते वाचतील हे तुला कळलं नव्हतं का?

ऋतू


सोलापूर
१८ जानेवारी २०२६

प्रिय ऋतू,

यात्रेमुळे उत्तराला उशीर झाला, हे अर्धं कारण. अर्धं म्हणजे तुझा प्रश्न.

मी तो रोज स्वतःला विचारला. पोस्टात उभी होते तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की खोलीवरची पाकिटं तू फोडत नाहीस, ऑफिसात आलेलं तरी तुझ्या हातात पडेल. हे खरं आहे. सरांनाच थेट लिहावं असंही आधी मनात आलं होतं. ते मी सोडलं, कारण त्यांनी मला ओळखावं हेच मला हवं होतं, आणि हवं होतं म्हणून करायचं नव्हतं. हेही खरं आहे. मग कार्ड पेटीत टाकताना ते वाचतील हे मला कळलं होतं का? खात्रीने सांगता येत नाही. पण पत्ता लिहिताना माझं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, एवढं मला आठवतं. त्यावरून तूच काय ते ठरव. तुला बैठकीत तसं उभं राहावं लागलं, त्याबद्दल मला वाईट वाटतं. यातला एकही शब्द मी खोडणार नाही.

अव्वाला पत्र सांगितलं. या वेळी काहीच सोडलं नाही. शेळ्यांचं आलं तिथं ती डोळ्याला पदर लावून हसली, आणि मग म्हणाली, "तिनं सगळ्यांदेखत तुझे अप्पा तुला परत दिले की गं." तुझा फोटो अजून फळीवरच आहे. शेजारी तिनं माझाही ठेवलाय, दहावीचा, तेल लावून वेणी घातलेला. तुझा जास्त चांगला दिसतो.

अप्पांनी यंदा काठी पेलली, पण पूर्ण वाट नाही. कंबर धरली. मी गच्चीवर गेले नाही, गर्दीतून बाजूनंच चालत होते. नागप्पा म्हणून मास्तरांचा नवा शिष्य आहे, तो कितीतरी वेळ अप्पांच्या शेजारी चालला. अप्पा त्याच्याकडे बघतही नव्हते. मला वाटलं, देणारच नाहीत. त्यांचा चेहरा मी ओळखते, ऋतू. त्या पोराच्या कंबरेचा त्यांना हेवा वाटत होता. मग पावलं जुळली. नागप्पानं हात घातला, 'हं' म्हणाला, आणि तरी अप्पा धरूनच होते. दोघंही धरून तसेच पुढे गेले. सोडल्यावरसुद्धा अप्पा बाहेर आले नाहीत, शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं चालले, आणि सारखे सांगत होते, डावीकडे तार आहे, बघ.

सरांना मी लिहिलं आहे. येते म्हटलं, पण ऋतुजाची जागा असेल तर नको, ती असेल तिथेच शेजारी जागा असेल तर हवी. त्यांचं उत्तर परवा आलं, शेजारचीच आहे. तू पक्की झालीस. त्यांनी तुला शुक्रवारी सांगायचं ठरवलंय, हे पत्र आधी पोचलं तर तोंड आश्चर्यानं उघडायला विसरू नको.

तेव्हा माढ्याला जायचं नाही. तू आकाशात नवीन विमान उडवायचंस आणि 'जमेल की' म्हणायचंस, मी दोघांना विचारून खात्री करीन हीच ती बस का. शनिवारी सकाळी गाडी पोचते. सोबत अव्वाचा चटणीचा मोठा डबा आहे, जड आहे, म्हणून स्टेशनवर ये. आलीस की पाहीन, माझा हेवा गेला आहे का. गेला असेल असं वाटत नाही. तुझाही गेला नसेल तर बरं, दोघींचं पाऊल तरी सारखं पडेल.

खिडकीजवळचं टेबल कुणाचं, ते मात्र मी आल्याशिवाय ठरवायचं नाही.

तुझी,
भुवी